एलिझाबेथ राणीचे कॅमिओ : कोणी कोरले, केव्हा कोरले?

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचे सार्डोनिक्स या थराथरांच्या दगडावर कोरलेले कॅमिओ, म्हणजे उठावाच्या प्रतिमा, आज लंडन, पॅरिस, व्हिएन्ना आणि सेंट पीटर्सबर्ग इथल्या संग्रहांत विखुरले आहेत. काही तळहातात मावतील एवढे, काही अंगठीच्या खड्याएवढे. बहुतेकांवर राणी एका बाजूने दिसते: गडद तपकिरी थरावर दुधाळ चेहरा, गळ्याभोवती चुण्यांची कॉलर, छातीवर मोत्यांच्या माळा. ते कोणाच्या हातचे, या प्रश्नावर दोन शतकांहून अधिक काळ चुकीचे उत्तर दिले गेले असे मला वाटते. म्हणून ही पार्श्वभूमी.

रोमन बादशहांच्या कॅमिओंचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. त्या काळातली एकच गोष्ट आपल्या जवळची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेला जाई अशी नोंद आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत हा दगड थरांनी साठतो, आणि एकावर एक चढलेले हे पांढरे-तपकिरी थरच कॅमिओचे भांडवल. त्यावर छिन्नी चालत नाही, कारण तो पोलादापेक्षा कठीण असतो. फिरत्या चाकाला तेलात कालवलेली हिऱ्याची किंवा कुरुंदाची पूड लावून तो कणाकणाने झिजवावा लागतो. पांढरा थर गालापाशी किती जाड ठेवायचा आणि कॉलरच्या कडेला किती पातळ करायचा, यातच कारागिराची परीक्षा. एकदा झिजलेले परत भरून येत नाही.

प्रबोधनकाळात ही कला इटलीत पुन्हा उभी राहिली आणि तिथून दरबारांत पसरली. व्हेरोनाचा एक कारागीर फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसकडे गेला. १५५० मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स आणि त्याचा मुलगा फिलिप एका दगडाच्या दर्शनी बाजूवर, तर सम्राज्ञी इसाबेला मागच्या बाजूवर कोरली गेली. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या पदरी पगारी रत्नकोरक होता. हेन्री आणि त्याचा लहानगा मुलगा एडवर्ड एकत्र असलेला कॅमिओ तिथल्या राजसंग्रहात अजून आहे. इंग्लंडातही असे कारागीर होते, ही बाब विसरली जाते, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

अठराव्या शतकात एका फ्रेंच जाणकाराने लिहून ठेवले की फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने आपला रत्नकोरक एलिझाबेथची प्रतिमा कोरण्यासाठी इंग्लंडला पाठवला होता. त्या कारागिराचे टोपणनाव आणि खरे नाव एकाच माणसाचे की दोघांचे, यावरही वाद आहे. तरी पुढे एलिझाबेथचा कॅमिओ दिसला की त्याच्या नावावर टाकण्याचा प्रघात पडला.

आता सनावळी पाहू. चौथा हेन्री फ्रान्सच्या गादीवर आला १५८९ मध्ये. चांगल्या मोठ्या कॅमिओंवरचा पोशाख मात्र साधारण १५७५ ते १५८५ या दशकातला. मग फ्रान्सचा राजा होण्याआधीच त्याने राजदूतासारखा कारागीर धाडला काय? चेहरा इथे पुरावा ठरत नाही, कारण राणीचा चेहरा सरकारी देखरेखीखाली होता. १५९६ मध्ये तिच्या सल्लागार मंडळाने न शोभणारी चित्रे नष्ट करण्याचा हुकूम काढला. साठीला पोचलेली राणीही चित्रात तरुणच राहिली. म्हणून कॅमिओचे वय ठरवायचे तर कॉलरच्या चुण्या आणि बाह्यांची फुगवट यांवरूनच.

याच कसोटीवर आणखी एक कथा कोसळते. एका इंग्रज घराण्यात सोन्यात मढवलेला असा कॅमिओ पिढ्यान्‌पिढ्या होता. एलिझाबेथच्या आधीच्या मेरी राणीच्या काळात जिवंत जाळण्याची शिक्षा झालेला पूर्वज १५५८ मध्ये मेरी वारली म्हणून वाचला आणि त्याने कृतज्ञतेने हा दागिना घडवला, अशी घरची परंपरा. कथा हृदयाला भिडते. पण दगडावरच्या राणीने १५५८ चे कपडे घातलेले नाहीत.

माझा कल लंडनच्या दरबाराशी बांधलेल्या कार्यशाळेकडे आहे. नमुना एकच, पण सफाई कमी-जास्त. एका पाहुण्या कारागिराच्या मुक्कामात हे बसत नाही. हे कॅमिओ निष्ठेची खूण म्हणून अंगावर मिरवले जात, तेव्हा मागणी एकदोन नगांची नव्हती.

पुढच्या काळाने गुंता वाढवला. कॅमिओ नव्या कोंदणांत बसवले गेले, आणि अठराव्या शतकात लंडनमध्ये रत्नांच्या काचेतल्या प्रतिकृती हजारोंनी निघू लागल्या.

हिंदुस्थानातही हाच वाद आहे. शाहजहानची सार्डोनिक्सवरची प्रतिमा लंडनला आहे. साधारण १६३० ते १६४० मधली, आणि ती युरोपीय हाताची की इथल्या, यावर एकमत नाही. सिंहाला मारणाऱ्या शाहजहानचा दुसरा कॅमिओ पॅरिसला आहे. एलिझाबेथच्या कॅमिओंवर सही सापडत नाही. पॅरिसच्या त्या दगडावर मात्र कारागिराचे नाव फारसीत कोरलेले आहे.