सोशल सिक्युरिटीचं भांडण आणि अमेरिकेतले चर्चवाले: थोडी पार्श्वभूमी

जानेवारी 2005. जॉर्ज बुश दुसऱ्यांदा निवडून आलेत आणि मतदानानंतर दोनच दिवसांनी पत्रकारांना सांगून मोकळे झालेत की मी राजकीय भांडवल कमावलंय आणि आता ते खर्च करणार. कशावर, तर सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी म्हातारपणाच्या पेन्शनवर. पगारातून जो पैसा कापला जातो त्यातला काही भाग सरकारी फंडात न टाकता ज्याच्या त्याच्या नावावर शेअर-बाँडमध्ये टाकायचा, असा एकूण प्लॅन. आणि नेमकं त्याच महिन्यात त्यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांच्याकडे एक पत्र येऊन पडलं. पाठवणारा आर्लिंग्टन ग्रुप, म्हणजे जेम्स डॉब्सन वगैरे मंडळींनी धार्मिक उजव्यांच्या, म्हणजे परंपरावादी ख्रिश्चनांच्या, बड्या संघटनांची बांधलेली मोट. मजकूर थोडक्यात असा की पेन्शनवर लोकांमध्ये दुफळी आहे तरी साहेब त्यासाठी जिवाचं रान करतायत, आणि समलिंगी लग्नावर बंदी आणणारी घटनादुरुस्ती, जिथे लोक आपल्या बाजूने आहेत, तिथे मात्र हात आखडता. असंच चालणार असेल तर पेन्शनच्या विषयावर आमची माणसं एकत्र आणणं अशक्य आहे, कारण त्यावर आमच्यातच आधीपासून शंका आहेत.

ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की रिपब्लिकन पक्ष, चर्चवाले आणि पेन्शन कापू बघणारे हे सगळे एकाच ताटात जेवतात. तसं ते कधीच नव्हतं. पेन्शनचा विरोध पैसेवाल्यांचा, चर्चच्या बाकांवर बसणारे मतदार उधारीचे, आणि त्यातले बरेचसे स्वतःच पेन्शन घेणारे किंवा घ्यायच्या वयाकडे निघालेले.

मागे गेलं तर उलटंच चित्र दिसतं. 1908 साली प्रोटेस्टंट चर्चच्या फेडरल कौन्सिलने जो सामाजिक जाहीरनामा काढला त्यात कामगारांच्या म्हातारपणाची सोय व्हावी ही मागणी होती, म्हणजे कायदा यायच्या 27 वर्षं आधी! 14 ऑगस्ट 1935 ला अध्यक्ष रूझवेल्टने सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली आणि तो घडवण्यात जिचा सगळ्यात मोठा हात, ती मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स इतकी श्रद्धाळू बाई की मेरीलँडमधल्या नन्सच्या एका मठात नियमाने जाऊन मौन पाळून राहायची. कायदा झाल्यावर रूझवेल्टने देशभरच्या पाद्र्यांना पत्रं पाठवून तुमच्या भागात काय चाललंय, लोकांचं काय म्हणणं आहे ते कळवा असं विचारलं. (शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना मात्र त्या पहिल्या कायद्यातून वगळलं होतं, आणि त्यात काळे लोक किती होते हे सांगायला नको.)

विरोध होताच. 1936 च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडनने या कायद्यावर अन्यायकारक, अव्यवहार्य वगैरे तोफ डागली आणि 48 पैकी 46 राज्यांत सपाटून मार खाल्ला. उरली दोन, मेन आणि व्हरमाँट. पुढे जानेवारी 1940 मध्ये दरमहा पेन्शनचा पहिला चेक निघाला, 22 डॉलर 54 सेंटचा, तो गेला व्हरमाँटच्याच आयडा मे फुलर या बाईंना. त्यांच्या पगारातून एकूण कापले गेले होते 24 डॉलर 75 सेंट. बाई शंभर वर्षं जगल्या आणि बावीस हजारांच्या वर डॉलर घेऊन गेल्या. आता हे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात, एक म्हणते बघा किती आधार झाला, दुसरी म्हणते बघा हिशोब कसा बसत नाही.

धर्म आणि पेन्शनविरोध यांची गाठ कुणी मारली म्हणाल तर लॉस एंजेलिसच्या जेम्स फिफील्ड या पाद्र्यापासून सुरुवात धरता येते. चर्च श्रीमंतांचं, आणि 1935 मध्येच त्याने स्पिरिच्युअल मोबिलायझेशन नावाची संस्था काढली. म्हणणं असं की सरकार माणसाची काळजी घ्यायला लागलं की ते देवाच्या जागी जाऊन बसतं, म्हणून न्यू डील, म्हणजे रूझवेल्टच्या सगळ्या सरकारी मदत योजना, हे पाप. पैसा सन ऑइलच्या जे. हॉवर्ड प्यूसारख्या उद्योगपतींकडून यायचा. टेक्सासचा तेलसम्राट एच. एल. हंट पण याच पठडीतला, त्याचा रेडिओ कार्यक्रम प्रार्थना आणि सरकारविरोध दोन्ही एकाच वेळी विकायचा. गंमत म्हणजे 1954 मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवरने स्वतःच्या भावाला लिहिलेल्या पत्रात या हंटचं नाव घेऊन म्हटलंय की सोशल सिक्युरिटी मोडायला निघालेला पक्ष या देशातून नामशेष होईल, तसं वाटणारे थोडे लोक आहेत खरे, पण त्यांची संख्या नगण्य आहे आणि ते मूर्ख आहेत. इतकं स्पष्ट आज कुठला अध्यक्ष लिहील! दहा वर्षांनी रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटरने पेन्शन ऐच्छिक करू असं सुचवलं तर अध्यक्ष जॉन्सनच्या लोकांनी टीव्हीवर सोशल सिक्युरिटीचं कार्ड टरकन फाडणारे दोन हात दाखवले, विषय संपला.

पण या सगळ्यात चर्चचं स्वतःचं असं एक भांडण होतं, आणि ते म्हाताऱ्यांना किती मिळावं याचं नव्हतंच, कर भरायचा की नाही याचं होतं. आमिश लोक घ्या, म्हणजे जगापासून अलग, जुन्या पद्धतीने राहणारा एक ख्रिश्चन पंथ. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्यांना सांभाळणं हे आमच्या समाजाचं धर्मकर्तव्य, सरकारी विमा नको आणि त्याचा हप्ताही नको. 1961 च्या वसंतात पेन्सिल्व्हेनियात व्हॅलेंटाइन बायलर नावाचा आमिश शेतकरी नांगरट करत होता, तिथे कर खात्याची माणसं आली आणि थकबाकीपोटी त्याचे तीन घोडे सोडवून घेऊन गेली. पेपरांनी ते उचलून धरलं, सरकारची छी-थू झाली आणि 1965 मध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिशांना सूट मिळाली. पाद्र्यांनाही तशीच एक वाट आहे. एरवी त्यांना स्वतंत्र धंदा करणाऱ्यांसारखा पूर्ण कर लागतो, पण सरकारी विमा घेणं माझ्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे असं शपथेवर लिहून दिलं की सुटका. पैसे वाचतात हे कारण चालत नाही, श्रद्धाच पाहिजे. किती जणांची श्रद्धा पहिल्या पगारानंतर जागी झाली असेल ते देवाला ठाऊक, पण 1999 मध्ये काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) खास कायदा करून या लोकांसाठी योजनेत परत यायचं दार काही काळ उघडावं लागलं, यावरून काय ते समजा.

धार्मिक उजवे संघटना म्हणून उभे राहिले ते 1979 च्या आसपास, जेरी फॉलवेल या पाद्र्याच्या मॉरल मेजॉरिटी या संघटनेपासून. मुद्दे गर्भपात, शाळेतली प्रार्थना, आणि वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिश्चन शाळांची करसवलत. पेन्शन त्यात नव्हतं. ते आलं 1983 मध्ये, रेगनच्याच सहीने! फंड तळाला गेला होता, त्याआधी 1981 मध्ये रेगनने लवकर निवृत्त होणाऱ्यांचे पैसे कापायचा घाट घातला तर सिनेटने 96 विरुद्ध 0 ने तोंडावर आपटवलं होतं, म्हणून मग फंड सावरायला ग्रीनस्पॅन कमिशन, डेमोक्रॅट स्पीकर टिप ओ'नीलशी तडजोड, निवृत्तीचं वय हळूहळू 65 वरून 67, आणि त्याच कायद्यात चर्चसकट सगळ्या ना-नफा संस्थांचे कर्मचारी सक्तीने योजनेत. झालं, बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथातले कट्टर लोक खवळले, की चर्चकडून कर म्हणजे देवाकडून कर. 1984 मध्ये काँग्रेसने पळवाट दिली, चर्चने अर्ज केला तर मालकाचा हिस्सा माफ, कर्मचाऱ्याने स्वतःचं स्वतः भरायचं.

इंडियानापोलिस बाप्टिस्ट टेम्पलने ती पळवाटही घेतली नाही. तिथले पाद्री ग्रेग डिक्सन हे मॉरल मेजॉरिटीच्या पहिल्या फळीतले, राष्ट्रीय सचिव राहिलेले. सरकारकडे अर्ज करणं म्हणजेच सरकारला मानणं, हा त्यांचा पवित्रा. वर्षानुवर्षं कापणी नाही, भरणा नाही, व्याजासकट रक्कम साठ लाख डॉलरच्या आसपास गेली, कोर्टात हरले, आणि लोक महिनोन् महिने चर्चमध्ये ठाण मांडून बसले. 13 फेब्रुवारी 2001 ला फेडरल मार्शल आत शिरले, प्रार्थना करणाऱ्यांना बाहेर काढलं आणि इमारत ताब्यात घेतली. तेव्हा अध्यक्ष कोण, तर चर्चवाल्यांनी निवडून आणलेले बुश, आणि न्यायखात्याचा मंत्री कोण, तर धार्मिक उजव्यांच्या गळ्यातला ताईत जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट. आपल्या माणसांनीच कुलूप लावलं, कुणी फारसं ओरडलं नाही.

आता परत 2005. पत्राचा तिढा सुटायच्या आतच फेब्रुवारीत यूएसए नेक्स्ट नावाच्या गटाने इंटरनेटवर एक जाहिरात टाकली. लक्ष्य होती एएआरपी ही ज्येष्ठांची अवाढव्य संघटना, कारण ती बुशच्या प्लॅनच्या आड येत होती. जाहिरातीत एका बाजूला सैनिक, त्याच्यावर लाल फुली, दुसऱ्या बाजूला चुंबन घेणारे दोन पुरुष, त्यांच्यावर हिरवी टिकमार्क, आणि खाली मजकूर की हा बघा एएआरपीचा खरा अजेंडा. पेन्शनचा प नाही त्यात! गटाचा प्रमुख चार्ली जार्व्हिस पूर्वी डॉब्सनच्या फोकस ऑन द फॅमिलीमध्ये मोठ्या पदावर होता, म्हणजे हत्यार कुठल्या कारखान्यातलं ते कळतंच. चौफेर टीका झाली आणि जाहिरात लगेच उतरवली गेली.

मार्चमध्ये बुश 60 दिवसांत 60 ठिकाणी सभा घेत फिरत होते आणि मधेच टेरी शायवोचं प्रकरण पेटलं, वर्षानुवर्षं भान हरपून पडलेल्या या बाईची अन्नाची नळी काढायची की नाही. त्या विधेयकावर सही करायला अध्यक्ष सुट्टी सोडून रातोरात वॉशिंग्टनला परतले. चर्चवाल्यांची सगळी ताकद तिकडे वळली. पेन्शनचा प्लॅन डेमोक्रॅटांनी एकजुटीने अडवून धरला, रिपब्लिकन खासदारांनी मतदारसंघातल्या आज्या-आजोबांचे चेहरे बघून अंग काढून घेतलं, आणि काँग्रेसमध्ये मतदानाला न येताच तो वारला. घटनादुरुस्तीही 2006 मध्ये सिनेटमध्ये पडली. सौद्यातल्या दोन्ही वस्तू गेल्या.

2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्न देशभर कायदेशीर केलं आणि 1939 मध्ये आधी बायकांसाठी सुरू झालेलं जोडीदाराचं पेन्शन या जोडप्यांनाही सगळ्या राज्यांत लागू झालं. आणि 2016 मध्ये ट्रम्पने सरळ सांगितलं की सोशल सिक्युरिटीला हात लावणार नाही. रिपब्लिकन स्पीकर पॉल रायनसारखे कपातवाले (वडील गेल्यावर शाळकरी वयात त्याला स्वतःला याच योजनेतून पैसे मिळाले होते) बघत राहिले, गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी (म्हणजे बायबलनिष्ठ प्रोटेस्टंटांपैकी) दहातल्या आठांनी ट्रम्पला मत दिलं.

आपल्या लोकांचाही यात पैसा आहे बरं का. एच-वन व्हिसावर जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांच्या पगारातून 6.2 टक्के यात कापले जातात, कंपनी तेवढेच भरते, आणि साधारण दहा वर्षं भरणा झाल्याशिवाय पेन्शनचा हक्क लागत नाही. दोन्ही देशांतला भरणा एकत्र धरायचा असा करार भारताशी अमेरिकेचा नाही, त्यामुळे पाच-सहा वर्षांत परतलेल्याचे पैसे तिथेच.

विश्वस्तांच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे निवृत्तीचा फंड 2033 मध्ये आटतो, आणि काहीच केलं नाही तर तेव्हापासून ठरलेल्या पेन्शनच्या 77 टक्केच देता येतील. म्हणजे काँग्रेसला 1983 सारखं पुन्हा बसावं लागणार, आणि त्या वेळी चर्चवाले पेन्शनच्या बदल्यात काय मागतील हे आत्ता त्यांनाही ठरवता येणार नाही.