एअर रिसीव्हरच्या तपासणी प्रमाणपत्रासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

कॉम्प्रेसरची हवा साठवणारी टाकी, म्हणजेच एअर रिसीव्हर, नियमांच्या भाषेत दाबपात्र ठरते आणि बहुतेक ठिकाणी सक्षम व्यक्तीच्या, म्हणजे अशा तपासणीसाठी पात्र तज्ज्ञाच्या, तपासणीशिवाय ती वापरात आणता येत नाही. टाकीला नियम लागू होतात की नाही, हे अनेकदा दाब आणि आकारमान यांच्या गुणाकारावरून ठरते. ब्रिटनमध्ये हा गुणाकार 250 बार-लिटर (बार हे दाबाचे एकक) किंवा त्याहून अधिक असल्यास तपासणीची लेखी योजना बंधनकारक आहे. म्हणजे 10 बारवर चालणारी 25 लिटरची छोटी टाकीही त्यात येते.

अर्जासोबत निर्मात्याचे प्रमाणपत्र, टाकीचा आराखडा, हायड्रो टेस्टचा (पाणी भरून केलेल्या दाबचाचणीचा) अहवाल, जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचे प्रमाणपत्र आणि प्रेशर गेजच्या अचूकतेचा दाखला सामान्यतः मागितला जातो. निर्मात्याच्या प्रमाणपत्रात रचनेचे मानक, कमाल अनुज्ञेय दाब, तापमान, पत्र्याची जाडी आणि अनुक्रमांक असावा. हा अनुक्रमांक टाकीवरील नेमप्लेटशी तंतोतंत जुळतो का, हे अर्ज देण्यापूर्वी स्वतः पाहावे. जुनी टाकी विकत घेताना तर हे पाहिल्याशिवाय व्यवहारच करू नये, कारण नेमप्लेट आणि मूळ कागद नसलेली टाकी कोणत्या दाबासाठी बनवली होती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

तपासणीच्या दिवशी टाकी पुरवठ्यापासून तोडून, दाब पूर्ण उतरवून आणि साठलेले पाणी काढून तयार ठेवावी. हवेतील ओलावा तळाशी जमतो आणि गंज आतून पत्रा खातो, म्हणून तळाची जाडी विशेष काळजीने मोजली जाते. बाहेरचा ताजा रंग याबाबत काहीच सांगत नाही. दाबचाचणी शक्यतो पाण्यानेच करावी. दाबलेल्या हवेत प्रचंड ऊर्जा साठते, पाणी मात्र जवळजवळ दबत नाही, त्यामुळे चाचणीत टाकी फुटलीच तरी धोका कितीतरी कमी राहतो.

प्रमाणपत्रावर सुरक्षित कार्यकारी दाब आणि पुढील तपासणीची तारीख नोंदलेली असते. टाकीवर वेल्डिंगने दुरुस्ती केल्यास, वापराचा दाब वाढवल्यास किंवा अधिक क्षमतेचा कॉम्प्रेसर जोडल्यास त्या तारखेची वाट न पाहता फेरतपासणीसाठी अर्ज करावा. नव्या कॉम्प्रेसरची सगळी हवा सोडण्याइतकी क्षमता जुन्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये असेलच असे नाही.