ओस स्टँडमधले कॉलेज बेसबॉल

कॉलेज बेसबॉल (विरळ प्रेक्षकांचा काळ) : अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आणि विद्यापीठांच्या संघांमध्ये खेळले जाणारे बेसबॉल, आणि त्याचा साधारण १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकापर्यंतचा तो काळ, ज्यात प्रेक्षक बोटांवर मोजता येत. खेळाडूंचे आईवडील, चारदोन मैत्रिणी, एखादे निवृत्त प्राध्यापक आणि होम प्लेटमागच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेमागच्या) जाळीपाशी वही घेऊन बसलेला, व्यावसायिक संघांसाठी होतकरू खेळाडू हेरणारा स्काउट, एवढीच मंडळी. पुष्कळ ठिकाणी तिकीटच नसे, त्यामुळे हजेरीचे आकडे अंदाजाने लिहिलेले. या काळाची माहिती म्हणूनच कागदापेक्षा आठवणींत जास्त सापडते. रणजी सामन्याच्या रिकाम्या गॅलरीत दुपार घालवलेल्या माणसाला हे सगळे फारसे परके वाटणार नाही.

सुरुवात मात्र रिकाम्या मैदानाने झाली नव्हती. १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स या कॉलेजांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, तेव्हा बघ्यांची चांगली गर्दी होती. एका बाजूला तेरा खेळाडू, हातात मोजे नाहीत, आणि धावणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद. अ‍ॅमहर्स्टने ७३-३२ असा विजय मिळवला. याच भेटीत दोन्ही कॉलेजांचा बुद्धिबळाचा सामनाही ठेवला होता आणि तोही अ‍ॅमहर्स्टनेच जिंकला. पुढे अमेरिकन फुटबॉल आला आणि कॉलेजचा खेळ म्हणजे फुटबॉल असे समीकरण होऊन बसले. हिवाळ्यात बास्केटबॉल. बेसबॉलच्या वाट्याला वसंत ऋतू उरला, आणि खरी अडचण तिथेच आहे.

लोकांना बेसबॉल आवडत नव्हते म्हणून स्टँड ओस पडत, हे म्हणणे टिकत नाही. त्याच काळात व्यावसायिक बेसबॉल हा देशाचा लाडका खेळ म्हणून मिरवत होता. कॉलेजच्या मैदानांवर दिव्यांचे खांब सहसा नसत, म्हणून सामना दुपारी अडीच-तीनला सुरू करावा लागे, तोही बऱ्याचदा आडवारी. त्या वेळी विद्यार्थी तासाला, गावकरी कामावर. उत्तरेकडच्या राज्यांत मार्चमध्ये बर्फ असायचा, एप्रिलमध्ये चिखल, आणि मे महिन्यात जरा ऊन पडले की परीक्षा. हंगाम रंगात येईपर्यंत वसतिगृहे रिकामी होऊ लागत. उत्तरेचे संघ म्हणून मार्चच्या सुट्टीत बसने दक्षिणेला जात आणि तिथे परक्या कॉलेजच्या मैदानावर ओळीने सामने खेळून परत येत. त्या सामन्यांना तर घरचा प्रेक्षक असण्याचा प्रश्नच नव्हता. पावसाने किंवा थंडीने राहिलेले सामने भरून काढायला एकाच दुपारी सात-सात इनिंगचे (डावांचे) दोन सामने लावत. दुसरा संपेपर्यंत अंधारून येई.

पैसा फुटबॉलकडे, त्यामुळे बेसबॉलच्या कोचला दुसरेही काम असायचे. कुठे तो शारीरिक शिक्षणाचे तास घेई, कुठे फुटबॉल संघाचा मदतनीस असे, आणि सामन्याआधी मैदानाची माती सारखी करणे हेही त्याच्याकडेच. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉड डेडो यांचे उदाहरण टोकाचे आहे. त्यांची स्वतःची ट्रक वाहतुकीची कंपनी होती आणि विद्यापीठाकडून ते वर्षाला नाममात्र एक डॉलर घेत. १९४२ ते १९८६ या काळात त्यांच्या संघांनी ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, त्यातली पाच १९७० ते १९७४ अशी सलग.

त्या दुपारींबद्दल जुने लोक बोलू लागले की धावसंख्या क्वचितच येते, आवाज येतात. भरलेल्या स्टेडियममध्ये खेळ दिसतो, रिकाम्या स्टँडमध्ये तो ऐकू येतो. बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा ‘थप्प’ समोरच्या इमारतीवर आपटून परत येई. पहिल्या बेसकडे, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्याकडे, धावणाऱ्याची धाप, पंचाचे पुटपुटणे, खेळाडू बसतात त्या डगआउटमधून बॅटरला मारलेले टोमणे, सगळे तिसऱ्या बाकावर स्पष्ट पोहोचे. टोमणे मारणाऱ्यालाही आपले बोलणे बॅटरच्या आईने ऐकले हे कळे, कारण ती वळून बघे. रेषेबाहेर उडालेला फाउल चेंडू स्टँडच्या छपरावरून मागे गेला की सगळे एकदम गप्प. मागे गाड्या लावलेल्या असत. चेंडू मातीत पडल्याचा आवाज आला तर हशा, काच फुटल्याचा आला तर जास्त हशा, आणि एकजण मुकाट्याने उठून बघायला जाई. चेंडू मोजकेच असल्याने तो शोधून परत आणून द्यायचा असे. आणणाऱ्या पोराच्या हातावर एखादे नाणे किंवा च्युइंगम पडे.

१९७४ पासून कॉलेज सामन्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटला परवानगी मिळाली. लाकडी बॅट मोडतात आणि नव्या घेण्याचा खर्च झेपत नाही, हे त्यामागचे साधे कारण. तेव्हापासून लाकडाच्या ‘टक्’ऐवजी ‘टिंग’ ऐकू येऊ लागले. जुन्या जाणत्यांनी याबद्दल भरपूर कुरकुर केली आहे. पण मधल्या पिढीला विचाराल तर कॅम्पसवरचा वसंत म्हणजे लांबून ऐकू येणारा तो टिंग आवाजच.

स्काउट हा या ओस स्टँडचा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक. १९६५ मध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडीची ड्राफ्ट पद्धत सुरू केली आणि पहिल्याच वर्षी पहिला मान अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या रिक मंडे याला मिळाला. त्यानंतर कॉलेजच्या मैदानांवर खिशात स्टॉपवॉच घेतलेले मध्यमवयीन पुरुष वाढले. उजव्या हाताचा बॅटर फटका मारून पहिल्या बेसला साधारण ४.३ सेकंदांत पोहोचला तर ठीक, त्याहून लवकर पोहोचला तर वहीत खूण. चेंडूचा वेग मात्र नजरेने ठरवावा लागे. तो मोजण्याची सोय एका कॉलेज कोचच्या डोक्यातून निघाली. मिशिगन स्टेटचे डॅनी लिटव्हायलर यांना १९७४ च्या सुमारास कॅम्पस पोलिसांच्या रडार गनची बातमी दिसली. भरधाव गाड्या पकडायचे ते यंत्र त्यांनी आपल्या पिचरांवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांवर, रोखून पाहिले आणि पुढे एका कंपनीकडून खास बेसबॉलसाठी ते बनवून घेतले. भिजलेले मैदान लवकर सुकवणारी एक भुकटीही त्यांच्याच नावावर आहे. मिशिगनमधल्या वसंतात कोचगिरी केलेल्या माणसालाच असले काही सुचणार.

मैदानेही तऱ्हेवाईक होती. ऑस्टिनमधल्या टेक्सस विद्यापीठाचे क्लार्क फील्ड (१९२८ ते १९७४) हे त्यातले सर्वांत नामांकित. तिथे सेंटर फील्डच्या (मैदानाच्या मागच्या मधल्या भागाच्या) डावीकडे चुनखडीचा सुमारे बारा फुटी कडा सरळ मैदानात होता. चेंडू वर गेला की फील्डरने एका अरुंद पायवाटेने कडा चढून तो पकडायचा. टेकाडाचे नाव बिली गोट हिल, म्हणजे बोकडाची टेकडी. घरच्या खेळाडूंना वाट पाठ असे, पाहुणे खाली उभे राहून वर बघत बसत, आणि तोवर बॅटर बेसमागून बेस घेत सुटलेला असे.

राष्ट्रीय स्पर्धेची कथा वेगळी नाही. कॉलेज वर्ल्ड सिरीज १९४७ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझू गावी, वेस्टर्न मिशिगनच्या हाइम्स फील्डवर सुरू झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने येलला हरवले. येलचा पहिल्या बेसवरचा सडपातळ डावखुरा खेळाडू जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पुढच्या वर्षी तो कर्णधार होता आणि येल पुन्हा अंतिम सामन्यात हरले. त्याच १९४८ च्या जूनमध्ये व्यावसायिक बेसबॉलचे विख्यात खेळाडू बेब रूथ आजारी अवस्थेत येल फील्डवर आले आणि आपल्या आत्मचरित्राचे हस्तलिखित विद्यापीठासाठी बुशच्या हाती सोपवून गेले. दोन महिन्यांनी त्यांचे निधन झाले. १९४९ ला स्पर्धा विचिटाला गेली आणि १९५० पासून नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात स्थिरावली. तिथल्या पहिल्या स्पर्धेच्या सगळ्या सामन्यांची हजेरी मिळून १७,८०५ भरली. सुरुवातीची बरीच वर्षे आतबट्ट्याचा व्यवहार होता. तरीही ओमाहाकरांनी स्पर्धा सोडली नाही, आणि त्यासाठी झटलेले महापौर जॉनी रोझेनब्लॅट यांचे नाव १९६४ मध्ये स्टेडियमला दिले गेले. अलीकडे याच स्पर्धेला तीन लाखांहून जास्त प्रेक्षक येतात.

विरळ प्रेक्षकांसमोर झालेला सर्वांत मोठा सामना कोणता, यावर फार वाद होत नाही. २१ मे १९८१, येल फील्ड, राष्ट्रीय स्पर्धेची प्रादेशिक फेरी, येल विरुद्ध सेंट जॉन्स. हजेरी सुमारे २,५००, म्हणजे त्या काळच्या मानाने बरीच, पण पुढे त्या सामन्याला जे नाव मिळाले त्या मानाने मूठभर. येलकडून पिचर रॉन डार्लिंग, सेंट जॉन्सकडून फ्रँक व्हायोला. डार्लिंगने ११ इनिंग एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिली नाही आणि १६ बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे निव्वळ आपल्या चेंडूफेकीवर, बाद केले. व्हायोलाने ११ इनिंग एकही धाव दिली नाही. बाराव्या इनिंगमध्ये स्टीव्ह स्काफाचा एक मऊ फटका इनफिल्डच्या डोक्यावरून पडला. स्टँडमधले सगळे डार्लिंगसाठी उभे राहिले आणि सेंट जॉन्सच्या खेळाडूंनीही डगआउटच्या पायरीवर येऊन टाळ्या वाजवल्या. मग स्काफाने दुसरा बेस चोरला (फटका नसताना धावून गाठला), तिसरा चोरला आणि दोघे एकदम धावत सुटल्याच्या, म्हणजे दुहेरी चोरीच्या, गोंधळात होम प्लेट गाठली. निकाल १-०, सेंट जॉन्स.

त्या दिवशी स्टँडमध्ये ९१ वर्षांचे स्मोकी ज्यो वुड बसले होते. १९१२ मध्ये व्यावसायिक संघ बोस्टन रेड सॉक्ससाठी पिचर म्हणून ३४ सामने जिंकलेले आणि नंतर जवळपास वीस वर्षे येलचे कोच असलेले हे गृहस्थ. १९१२ च्या सप्टेंबरात बोस्टनच्या फेनवे पार्कवर त्यांनी नावाजलेला पिचर वॉल्टर जॉन्सनला असेच १-० हरवले होते, तेव्हा गर्दी इतकी की लोक मैदानात शिरून बाजूच्या रेषांपर्यंत बसलेले. वुड यांच्या शेजारी ‘द न्यू यॉर्कर’ या नियतकालिकाचे लेखक रॉजर एंजल होते आणि त्यांनी त्या दुपारवर लिहिले. त्यांचा लेख नसता तर एक उत्तम धावफलक तेवढा मागे राहिला असता. शेजारी लिहिता हात नसलेल्या अशा किती दुपारी नुसत्या धावफलकावरच संपल्या असतील. डार्लिंग आणि व्हायोला दोघेही पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये गाजले, आणि १९८९ नंतर काही काळ न्यू यॉर्क मेट्स संघात एकत्रही खेळले.

स्टँड भरू लागले ते दक्षिणेत, आणि त्यात नशिबापेक्षा खटपट जास्त. मायामी विद्यापीठाचे कोच रॉन फ्रेझर (१९६३ ते १९९२) हे अर्धे कोच आणि अर्धे जत्रेतले दुकानदार होते. १९७७ मध्ये त्यांनी निधीसाठी मैदानातच पंगत मांडली, एका ताटाला ५,००० डॉलर. १९८२ आणि १९८५ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले, त्यामुळे नुसता तमाशा असे कोणाला म्हणता आले नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेले स्किप बर्टमन १९८४ च्या हंगामापासून लुइझियाना स्टेटला गेले आणि तिथे पाच विजेतेपदे मिळवून गेले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हजेरीत बहुतेक वर्षे तेच विद्यापीठ देशात पुढे राहिले आहे. मिसिसिपी स्टेटमध्ये १९६० च्या दशकात विद्यार्थी लेफ्ट फील्डच्या कुंपणामागे पिकअप ट्रक उलटे लावून, मागच्या भागात खुर्च्या टाकून, मांस भाजत सामना बघत. त्या अड्ड्याला लेफ्ट फील्ड लाउंज हे नाव पडले आणि आज तिथली जागा मिळायला वशिला लागतो. २०१४ मध्ये तिथे एका सामन्याला १५,५८६ लोक होते. टीव्हीनेही हातभार लावला. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने १९८० पासून ओमाहाचे सामने दाखवायला सुरुवात केली.

उत्तरेत चित्र उलटे. खर्चाच्या काटछाटीत पहिली कुऱ्हाड बेसबॉलवर पडे. सिरॅक्यूसने १९७२ मध्ये, कोलोरॅडोने १९८० मध्ये, विस्कॉन्सिनने १९९१ मध्ये आणि आयोवा स्टेटने २००१ मध्ये संघ बंद केला. स्टँडमध्ये कोणी बसत नसेल, तर संघ गेल्याची ओरड करायलाही कोणी नसते.

क्लार्क फील्डच्या जागी आता बास कॉन्सर्ट हॉल उभा आहे आणि बोकडाची टेकडी कधीच सपाट झाली. रोझेनब्लॅट स्टेडियम २०१२ मध्ये पाडले. तिथे प्राणिसंग्रहालयाचे वाहनतळ आहे आणि एका कोपऱ्यात जुन्या होम प्लेटची आठवण म्हणून छोटे मैदान राखले आहे. कॅलमझूच्या हाइम्स फील्डवर मात्र वेस्टर्न मिशिगनचा संघ अजून खेळतो. तिथे मार्च-एप्रिलमधल्या सामन्याला जाणाऱ्याने सोबत घोंगडे घ्यावे. जागा हवी ती मिळते.