यानातली माणसं चालतात कशी? टीव्हीवरच्या विज्ञानकथा आणि वजनाचा प्रश्न

विज्ञानकथांवरच्या मालिका विज्ञानाशी किती इमान राखतात, हा वाद बहुतेक वेळा अंतराळातल्या स्फोटांच्या आवाजावर सुरू होतो आणि तिथंच संपतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो यानातल्या वजनाचा प्रश्न.

१९५९-६० मधल्या 'मेन इन्टू स्पेस' या अमेरिकी मालिकेनं, माणूस प्रत्यक्ष अंतराळात जाण्याआधीच, तिथलं काम जबाबदारीनं दाखवायचा प्रयत्न केला होता. १९६६ च्या 'स्टार ट्रेक'ला दर आठवड्याला ग्रहावर यान उतरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसांना इथून नाहीसं करून तिथं प्रकट करणारं यंत्र आलं. माणसं तरंगताना दाखवायला नटांना रोज तारांवर लटकवणंही परवडत नाही. म्हणून 'कृत्रिम गुरुत्वाकर्षण' मालिकांमध्ये असं मुरलं, की यानाची वीज गेली, हवा संपत आली, तरी पाय फरशीवरच.

गोंधळ वाढवला तो 'शून्य गुरुत्वाकर्षण' या शब्दानं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापाशी पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात आणि आडव्या वेगामुळे तिला चुकवत राहतात. योग्य शब्द भारहीनता. हा शब्दच्छल नाही. गुरुत्वाकर्षण 'संपतं' असं मानलं, की ते 'सुरू' करणारं बटणही सहज पटतं. आपल्याला जाणवतं ते वजन म्हणजे फरशीनं तळपायाला दिलेला रेटा, हे ध्यानात आलं की तो रेटा आणायचा कुठून, हे सांगावं लागतं. अंतराळात त्याचे दोनच व्यवहार्य मार्ग आहेत: यान गोल फिरवत ठेवणं, म्हणजे बाहेरची भिंतच फरशी होऊन पायांना रेटते, किंवा इंजिन सतत चालू ठेवणं, म्हणजे वेग बदलणाऱ्या यानाची फरशी पायांना रेटते.

पहिला मार्ग 'बॅबिलॉन ५'नं (१९९४-९८) मनावर घेतला. तिथलं माणसांचं स्थानक स्वतःभोवती फिरतं. तयार गुरुत्वाकर्षण असतं ते पुढारलेल्या परग्रहवासीयांकडे. संगणकीय चित्रांमुळे हे दाखवणं आवाक्यात आलं. मिनिटाला दोन फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन हवं, तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. लहान यानाला गरगरावं लागेल आणि आतल्यांना भोवळ येईल.

दुसरा मार्ग 'द एक्सपान्स'नं (२०१५-२२) घेतला. यानं इमारतीसारखी, मजल्यावर मजला, तळाशी इंजिन. अर्धी वाट वेग वाढवत जायचं, मग यान उलटं करून उरलेली वाट वेग कमी करत. दोन्ही वेळा फरशी पायाखालीच राहते. इंजिन बंद झालं की सगळे तरंगतात. इंधन मात्र अविश्वसनीय पुरतं. कथेसाठी ती सूट मी आनंदानं देतो.

सेरेसची सूट देववत नाही. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा हा बटुग्रह मालिकेत फिरवून आतल्या वस्तीला वजन दिलं आहे. पण बाहेरच्या दिशेनं वजन जाणवायचं, तर फिरण्याचा जोर सेरेसच्या स्वतःच्या ओढीहून जास्त हवा. ती ओढ पृथ्वीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी. तसं झालं, तर विषुववृत्तावरचे सुटे दगड उडून जातील आणि चालण्याजोगं वजन येण्याआधीच अख्खा गोळा फुटेल. पेल्यात ओतलेली धार तिथं वळताना दिसते, त्या दृश्याला रसिकांनी भरभरून दाद दिली. फिरत्या जागेत पडणारी वस्तू आतल्यांना वळताना दिसते, म्हणून कल्पना शास्त्रशुद्धच, पण एवढं ठळक वळण लहान, वेगानं फिरणाऱ्या चाकात पडतं. सेरेसच्या शेकडो किलोमीटर त्रिज्येवर ती धार डोळ्यांना सरळच दिसेल.