कोळंबीच्या पिल्लांचा पहिला घास

भारतात २००९ मध्ये व्हन्नामेई या परदेशी कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली, तेव्हापासून चर्चा होते ती ब्रूडस्टॉकची (अंडी देणाऱ्या मोठ्या कोळंब्यांची), रोगांची आणि निर्यातीची. हॅचरीत, म्हणजे पिल्ले तयार करण्याच्या केंद्रात, शैवाल वाढवण्यासाठी जी खोली असते तिच्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. बीज, म्हणजे कोळंबीची पिल्ले, जगते की मरते, हे बरेचसे तिथेच ठरते.

अंड्यातून निघालेले पहिले पिल्लू, म्हणजे नॉप्ली, अंगातल्या बलकावर साधारण दोन दिवस काढते. मग झोईया ही पुढची अवस्था येते आणि तिला बाहेरचे खाणे लागते. तेही पाण्यात तरंगणारे, गाळून घेता येईल इतके बारीक, म्हणजे सूक्ष्म शैवाल. ते वेळेवर मिळाले नाही, तर टाकीच्या टाकी मरते.

जपानमध्ये मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कुरुमा कोळंबीची अंडी प्रयोगशाळेत उबवली, पण पुढे गाडे अडले ते याच टप्प्यावर. स्केलेटोनेमा या डायटमचे (एकपेशी सूक्ष्म शैवालाचे) शुद्ध कल्चर, म्हणजे वेगळी वाढवलेली जोपासना, हाती आले, तेव्हा कुठे झोईया तगल्या. १९४२ मध्ये त्यांनी हे सारे काम सविस्तर प्रसिद्ध केले. कोळंबीच्या बीजोत्पादनाची खरी सुरुवात मी या कल्चरपासूनच मोजतो. नुसती अंडी उबवून काहीच हाती लागले नसते.

युद्धानंतर, १९६० च्या दशकात दोन वाटा झाल्या. जपानी पद्धतीत पिल्लांच्याच मोठ्या टाकीत खत टाकून उन्हात डायटम वाढू देत. खर्च कमी, पण आभाळ भरून आले की डायटमची वाढ मंदावणार आणि पिल्ले उपाशी राहणार. अमेरिकेत टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन प्रयोगशाळेने शैवाल वेगळे वाढवून मोजून घालायची पद्धत बसवली. परीक्षानळी, फ्लास्क, कार्बॉय (मोठी बाटली), मग टाकी, ही आजची चढण त्याच विचारातली. गिलार्ड आणि रायथर यांनी १९६२ मध्ये मांडलेले शैवाल वाढवण्याचे 'एफ' माध्यम, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, सूक्ष्म धातू आणि जीवनसत्त्वे यांचे मिश्रण, निम्म्या तीव्रतेने 'एफ/२' म्हणून आजही जगभर वापरले जाते.

आपल्याकडे १९७० च्या दशकात कोचीजवळच्या नारक्कल येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतीय पांढऱ्या कोळंबीच्या बीजावर काम केले. तिथे गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात खते घालून, उघड्यावर, कीटोसेरॉस या डायटमचे प्राबल्य असलेले मिश्र शैवाल वाढवत. हा डायटम उष्ण पाण्यात स्केलेटोनेमापेक्षा चांगला टिकतो, म्हणून आपल्या किनाऱ्यांवर तोच रुळला.

आता शैवालाची पेस्ट आणि कोरडी पूडही मिळते. तरी जिवंत पेशी लवकर तळाशी बसत नाहीत आणि पाण्यातला अमोनिया शोषतात, म्हणून झोईयाच्या दिवसांत बहुतेक हॅचऱ्या ताज्या कल्चरवरच विसंबतात.