एमआर की बीडब्ल्यूपी? आर्केड कॅबिनेटचा प्लाय घेण्याआधी

प्लायच्या वखारीत दोन पत्रे शेजारी उभे असतात. दोन्ही ८ बाय ४ फुटांचे, दोन्ही १८ मिलिमीटरचे, दोन्ही वरून लालसर. एकावर एमआर लिहिलेलं, दुसऱ्यावर बीडब्ल्यूपी. ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ असं विचारलं की दोन्हींसाठी एकच उत्तर येतं, ‘आहे हो, घेऊन जा.’ त्या उत्तरावर विसंबून मी मार्चमध्ये टेबलावर ठेवायचं छोटं आर्केड कॅबिनेट केलं, म्हणजे पडदा, बटणं आणि जॉयस्टिक बसवलेलं व्हिडिओ गेमचं लाकडी खोकं. जुलैत त्याचा बटणांचा पॅनेल कडेने पोळीसारखा सुटला.

एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे दमट हवा सोसणारा. बोलीत आपण त्याला कमर्शियल प्लाय म्हणतो. बीडब्ल्यूपी म्हणजे बॉइलिंग वॉटर प्रूफ. आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय याच जातीचा. गोंधळाचं मूळ असं, की ही नावं लाकडाची नाहीत, डिंकाची आहेत. एमआरमध्ये पापुद्रे युरिया फॉर्मल्डिहाइडने चिकटवतात. हा डिंक ओल आणि उष्णता एकत्र आली की हळूहळू सुटतो. बीडब्ल्यूपीमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड असतो, आणि आयएस ७१० च्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही जोड सुटता कामा नये. पण पापुद्र्यांचं लाकूड दोन्हींत पाणी पितंच. म्हणजे मरीन प्लायही फुगतो. फक्त फुगला तरी उलगडत नाही.

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. चार महिने कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते. इथे हा फरक कागदावर राहत नाही.

वरच्या रंगावर जाऊ नका, लाली रंगवूनही आणता येते. कापलेली कड बघा. फिनॉलच्या डिंकाची रेघ गडद तपकिरी दिसते, युरियाची फिकी, जवळजवळ न दिसणारी. तरी मन मानत नसेल तर मुठीएवढा तुकडा मागून घ्या आणि जुन्या टोपात काही तास उकळा. एमआरचे पापुद्रे सुटू लागतात. (तो टोप पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.) आयएसआयचा शिक्का आणि त्याच्या वर ७१० हा आकडा, दोन्ही हवेत. नुसतं ‘मरीन’ छापलेलं म्हणजे काहीच नव्हे.

साध्या कपाटाला एमआरही चालून जातो, कारण त्याच्या कडा पट्टीखाली झाकलेल्या असतात. आर्केड कॅबिनेट मात्र भोकांचंच बनलेलं. एका खेळाडूला सहा बटणं धरली तर पॅनेलला ३० मिलिमीटरची सहा भोकं, शिवाय जॉयस्टिकचं. १८ मिलिमीटर जाडीतून जॉयस्टिकचा दांडा वर आखूड पडतो, म्हणून खालून खाच घ्यावी लागते. कडेला टी-मोल्डिंग, म्हणजे कड झाकणारी टी आकाराची लवचीक प्लॅस्टिकची पट्टी, बसवायचं तर प्लायच्या मध्यातून लांबच्या लांब चर. प्रत्येक भोक, खाच आणि चर म्हणजे पाणी प्यायला उघडं तोंड. माझा पॅनेल सुटला तो बटणांच्या भोकांपासूनच. म्हणून नकाशा काढतानाच प्रत्येक उघड्या कडेवर खूण करा आणि बटणं बसवण्याआधी तिथे सीलरचे दोन हात द्या. बीडब्ल्यूपी असला तरी.

टी-मोल्डिंगवरून आठवलं. बाहेरून येणारं बहुतेक पाऊण इंचाचं, म्हणजे १९ मिलिमीटरचं असतं. आपला १८चा प्लाय घेतला तर पट्टी कडेबाहेर डोकावते, आणि १९चा म्हणून घेतलेलाही मोजल्यावर कमी भरू शकतो. आधी प्लाय आणा, कॅलिपरने मोजा, मग नकाशात जाडी लिहा. चर जिथे जाणार तिथे आतल्या पापुद्र्यात पोकळी असेल तर मोल्डिंग धरत नाही. स्वस्त एमआरमध्ये अशा पोकळ्या फार.

सगळं बीडब्ल्यूपीचं करायची गरज नाही, तो बराच महाग पडतो. उभ्या कॅबिनेटच्या दोन्ही बाजू जमिनीपासून वरपर्यंत अखंड असतात, त्या त्याच्याच. तळ, मागचं दार आणि पॅनेलही त्याचेच. आतला मॉनिटर धरणारा फळ्यांचा सांगाडा एमआरचा चालतो. आणि बाजूची पुढून मागची रुंदी ६० सेंटिमीटरच्या आत ठेवली तर १२२ सेंटिमीटर रुंद पत्र्यातून करवतीची जागा सोडूनही दोन्ही बाजू शेजारी-शेजारी निघतात. ती ७० केली की दोन पत्रे. हा निर्णय पेन्सिलीनेच घ्यायचा असतो. आमचा सुतार माझा पहिला नकाशा बघून म्हणाला होता, ‘बाजूक एमआर नको. ह्येका पाणी लागला तर फुगतला, मगे माका सांगू नको.’ मी ऐकलं नव्हतं.

वाळवीचा प्रश्न वेगळा. एमआरचा डिंक वाळवीला अडवत नाही. आयएस ७१० च्या प्लायला संरक्षक औषधाची प्रक्रिया करावी लागते, म्हणून तो या बाबतीतही पुढे. तरी जांभ्याच्या भिंतीला टेकवून कुठलाच ठेवू नये, मागे चार बोटं जागा सोडावी. मॉनिटरची उष्णताही तिथूनच बाहेर पडते.

शेवटी जागा. गणपतीत चाकरमानी पोरं येतात, त्यांना कॅबिनेट ओटीवरच हवं असतं. पण झड आत येते ती आधी ओटीपर्यंतच, आणि झाप (विणलेल्या झावळ्यांचे आडोसे) लावले तरी वारा खारट. तिथे मरीन प्लायही तीन-चार पावसाळ्यांत कंटाळतो आणि बटणांच्या तारांची टोकं त्याच्याही आधी काळी पडतात. आमचं नवं माजघरात उभं आहे, दोन इंच उंच पायांवर. फरशी पुसणारीचा पोछा खालून आरपार जातो.