फाटलेल्या कडेचे गणित

समाज काळाच्या ओघात आपोआप विसरतो, असे आपण सहज म्हणतो. पूर्व जर्मनीत मात्र विसर पडावा म्हणून लोक कामाला लावले होते. 9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत खुली झाली आणि तिथल्या 'श्टाझी' या गुप्त पोलिसखात्याने आपल्याच फाइली नष्ट करण्याचा सपाटा लावला. श्रेडर पुरेनात, तेव्हा कर्मचारी हातांनी कागद फाडू लागले. 4 डिसेंबरला एरफुर्टमधल्या श्टाझी कार्यालयात नागरिक शिरले, 15 जानेवारी 1990 ला बर्लिनच्या मुख्यालयात. त्यांच्यामुळे फाडलेल्या कागदांची सुमारे 16,000 पोती वाचली.

1995 पासून न्यूरेंबर्गजवळच्या त्सिर्नडोर्फमध्ये माणसे हे कपटे हाताने जुळवू लागली. काम किती अवघड, ते शाळेतल्या गणितावरूनही कळते. 1,000 कपट्यांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात 4,99,500. कपटे दुप्पट झाले की जोड्या जवळजवळ चौपट! कपटे तर कोट्यवधी. इतक्या जोड्या एकेक करून तपासणे संगणकाच्याही आवाक्याबाहेरचे. म्हणून बर्लिनच्या फ्राउनहोफर संस्थेची 'ई-पझलर' प्रणाली आधी शोधाचा परीघच लहान करते. कपटा दोन्ही बाजूंनी स्कॅन होतो. कागदाचा रंग, आखीव रेघा, हस्ताक्षर की टंकलेखन, शाई यांवरून गट पडतात. निळ्या रेघांचा कपटा पिवळसर कोऱ्या कागदाशी ताडून बघायचाच नाही. त्यानंतर गटातल्या कडांचे आकार जुळवायचे.

आणि ही कड फार देखणी गोष्ट आहे. श्रेडरच्या पट्ट्या सरळ, सगळ्या सारख्या. हाताने फाडलेली कड दर वेळी निराळी, कारण फाटण्याची वाट कागदातले तंतू ठरवतात. शिवाय कागद त्याच्या जाडीत तिरका फाटतो. एका तुकड्यावर पांढऱ्या तंतूंची किनार उघडी पडते आणि दुसऱ्या तुकड्याची कड तिच्यावर चढून बसते. म्हणजे एकाच कपट्याच्या दोन सीमा: एक कागदाची, दुसरी छापील पृष्ठभागाची. मागून पाहिले तर तीच जोडी उलटी. जुळणी तपासताना हे सगळे हिशेबात धरावे लागते. एका पानाचे कपटे बहुधा एकाच पोत्यात पडले, हे मात्र नशीब.

एआय हे सगळे चुटकीसरशी करील, असा गाजावाजा अधूनमधून होतो. त्यावर विश्वास ठेवू नका. 2007 मध्ये सुरू झालेल्या ई-पझलरच्या चाचणीसाठी 400 पोती ठरली होती, त्यांतली थोडीच पूर्ण झाली. घोडे अडले स्कॅनिंगपाशी. चुरगळलेला कपटा सरळ करून यंत्रात ठेवायला माणूसच लागतो.

जानेवारी 1992 पासून नागरिकांना स्वतःची फाइल वाचता येऊ लागली. खासदार व्हेरा वोलेनबर्गर यांना कळले, की त्यांची खबर त्यांचा नवराच 'डोनाल्ड' या नावाने देत होता. अनेकांनी आपली फाइल मागितलीच नाही, आणि तोही त्यांचा हक्क आहे. जुळलेल्या पानावर अधिकाऱ्याने काय लिहिले तेवढेच समजते. ते खरे होते का, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी इतिहासकाराला इतर कागद आणि हयात माणसांच्या आठवणी शेजारी ठेवाव्या लागतात.